नवी कॅमेरा-बॉडी घ्यायची आहे, पण बाबांच्या लेन्सचं काय करू? (इंदूर, प्रकाशचित्रं म्हणजे प्रचिंसह)

माळव्याची_माती | १९ ऑगस्ट, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदा धागा काढते.

माझ्याकडे निकॉन डी७००० आहे, सोळा मेगापिक्सेलचा. बाबांनी २०१२ च्या दिवाळीत घेतला होता. सोबत त्यांच्या फिल्मच्या काळातल्या तीन लेन्स आहेत: ५० मिमी एफ/१.८ डी, ८५ मिमी एफ/१.८ डी आणि ती जड ८०-२०० एफ/२.८ डी. बाबा चार वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून रविवारी सकाळी कॅमेरा घेऊन मी राजवाड्याकडे जाते, जसे ते जायचे.

मी काढते ते तीन तऱ्हेचं. सकाळचा राजवाडा आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्या (होळकरांच्या समाध्या), घरातली माणसं, आणि वर्षातून एकदा अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले गाड्यांवरचे देखावे. पहिल्या दोन्हींत डी७००० अजून सुंदर काम करतो. झांक्यांच्या रात्री मात्र जीव रडकुंडीला येतो. आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० वर सावल्यांत दाणे दिसतात, रंग मळतात. हाताशी दीड लाख आहेत, दोन वर्षं साठवलेले. त्यात बॉडी आणि लागेल ती लेन्स बसवायची आहे. सोनी, फुजी, कॅनन, निकॉन झेड, सगळं वाचून झालं, गोंधळ वाढला. आणि खरी अडचण या तीन लेन्सची आहे. त्या विकायला हात होत नाही.

प्रचि १: कृष्णपुरा छत्र्या, सकाळी ६:५०. ८५ मिमी, एफ/५.६ (अॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक; आकडा लहान तितका उजेड जास्त), शटर १/१२५ सेकंद, आयएसओ २००. पायरीवर बसलेल्या आजोबांच्या पगडीवर तेवढं ऊन आहे, बाकी सगळं सावलीत.

प्रचि २: गेल्या वर्षीची एका मिलची झांकी, रावणाचा दरबार. ५० मिमी, एफ/२, १/३२०, आयएसओ ३२००. रावणाच्या तोंडांवर आडवे काळे पट्टे आलेत, ते कशाचे हेही सांगा.

मंडपातला | १९ ऑगस्ट, रात्री ११:०५

ताई, प्रचि १ मधली पगडी अप्रतिम. एक्स्पोजर त्या उजेडावर धरलंत आणि बाकीचं जाऊ दिलंत, तेच बरोबर.

पट्ट्यांचं आधी सांगतो, कारण ते नव्या कॅमेऱ्यानेही आपोआप जाणार नाहीत. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिच्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. १/३२० ला शटरच्या दोन पडद्यांतली फट सेन्सरवरून सरकत जाते, त्या वेळात दिवा मंद झाला की तेवढा पट्टा काळा. १/१०० किंवा १/५० ठेवा, दिव्याचं अख्खं आवर्तन फोटोत येतं आणि पट्टे जातात किंवा अगदी फिके होतात. झांकीवरच्या रंगीत एलईडीच्या माळा कधीकधी वेगळ्या गतीने लुकलुकतात, त्यामुळे पहिले दोन फोटो मोठे करून बघा आणि मग पुढचे काढा.

मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा, घेतलात तर त्या रात्री इलेक्ट्रॉनिक शटर बंदच ठेवा. त्यात सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, बहुतेक बॉडींत मेकॅनिकल शटरपेक्षा त्याला पुष्कळ जास्त वेळ लागतो, आणि मग पट्ट्यांची रांगोळी निघते. लग्नाच्या स्टेजवर मी एकदा हे भोगलंय. वरमाला पडतानाचे अकरा फोटो गेले. ती वरमाला परत कोण घालणार?

आता सिस्टिमचं. मी २०१९ पासून सोनी ए७ थ्री वापरतो, लग्नं त्यावरच करतो. सोनीची मोठी बाजू म्हणजे लेन्स. तिचा ई माउंट (बॉडीवर लेन्स बसते ती खोबण) २०१० पासून आहे, त्याची मापं कंपनीने लवकरच इतर लेन्सवाल्यांना खुली केली, त्यामुळे टॅमरॉन, सिग्मा यांच्या लेन्सची रेलचेल आहे. माझी टॅमरॉन २८-७५ एफ/२.८ फक्त ५४० ग्रॅमची आहे आणि अर्धं लग्न तिच्यावर निघतं. जुन्या लेन्सचा विचार बाजूला ठेवलात तर दीड लाखात सेकंडहँड ए७ थ्री आणि ही लेन्स, याहून भक्कम जोडी मला माहीत नाही.

उजेडवेडी | २० ऑगस्ट, सकाळी ७:१८

ताई, मी तुमच्याहून बरीच लहान असेन, तरी सांगते. फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, मागे लागू नका.

माझ्याकडे फुजी एक्स-टी३० टू आहे आणि एकच लेन्स, ३५ मिमी एफ/२. बॉडी ३७८ ग्रॅम, लेन्स १७०. कॉलेजच्या पिशवीत रोज असते, म्हणून रोज फोटो निघतात. सराफ्यात रात्री साडेदहाला दागिन्यांची दुकानं बंद होऊन खाऊच्या गाड्या लागतात ना, त्या गर्दीत मोठी लेन्स काढली की माणसं सावध होतात. ही काढली तर कुणी वळूनही बघत नाही.

प्रचि ३: सराफा, भुट्ट्याचा कीस. एफ/२, १/१२५, आयएसओ ३२००. कढईच्या कडेला चिकटलेला खरपूस थर आणि त्यावर फिरणारा उलथन्याचा हात, एवढंच फ्रेममध्ये ठेवलं.

प्रचि ४: तोच गल्लीचा कोपरा, 'अॅक्रॉस' या कृष्णधवल फिल्म सिम्युलेशनमध्ये. वरच्या माळ्याच्या खिडकीत एक आजी, खाली सगळा गोंधळ.

कृष्णधवल आवडायला लागलं ते अमेरिकन छायाचित्रकार मॅन रे यांनी काढलेली यशवंतराव होळकर दुसरे आणि संयोगिताबाईंची छायाचित्रं पाहिल्यापासून. राजा-राणी असूनही किती सैल, किती मोकळे बसलेत! आपल्या गावच्या माणसांची इतकी आधुनिक छायाचित्रं, आणि इंदुरात किती जणांना माहीत आहेत?

सिरपूर_पहाटे | २० ऑगस्ट, दुपारी १:३०

उजेडवेडी, प्रचि ३ खूप आवडला. पण ताईंची गरज झांक्यांच्या रात्रीची आहे, तिथे सेन्सरचं क्षेत्रफळ टाळून चालत नाही. फुल फ्रेम ३६ गुणिले २४ मिमी, म्हणजे ८६४ चौरस मिमी. डी७००० चा किंवा फुजीचा एपीएस-सी सेन्सर साधारण ३७० चौरस मिमी. त्याच एफ नंबरला आणि त्याच शटरला मोठ्या सेन्सरवर सव्वादोन पटीहून जास्त उजेड जमा होतो, म्हणजे सव्वा स्टॉपचा फायदा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). फुल फ्रेमवर आयएसओ ६४०० ला ताईंना जे दाणे दिसतील ते आजच्या ३२०० च्या आतबाहेरचे, आणि वर मधल्या दहा-बारा वर्षांत सेन्सर सुधारले ते वेगळंच.

मी स्वतः कॅननवाला. आर७ वर जुनी ईएफ ४०० मिमी एफ/५.६ एल लावतो. ही लेन्स १९९३ ची, सव्वा किलोची, आत स्टॅबिलायझर (हाताचा कंप सावरणारी सोय) नाही. अॅडॉप्टर लावून ती नव्या बॉडीवर अशी चालते की तिच्यासाठीच बॉडी बनवली असावी. पक्ष्याचा डोळा धरते, आणि बॉडीतलं स्टॅबिलायझेशन फुकट मिळतं. कारण साधं आहे: कॅननने १९८७ मध्ये ईएफ माउंट आणला तेव्हाच फोकसची मोटर लेन्समध्ये घातली आणि बॉडीशी बोलणं फक्त विजेच्या टोकांनी ठेवलं. म्हणून तेव्हाची लेन्स आजही अॅडॉप्टरवर ऑटोफोकस करते.

प्रचि ५: सिरपूर तलाव, कमळपक्षी पानांवरून चालताना. १/१६००, एफ/५.६, आयएसओ ८००. पायाची लांब बोटं पानाच्या कडेवर कशी टेकलीत ते बघा, त्यासाठी पाऊण तास पालथा पडलो होतो.

ताई, तुमच्या डी लेन्सचं नेमकं इथेच अडतं. निकॉनचं कुणीतरी नीट सांगा.

जुना_रोल | २० ऑगस्ट, रात्री ८:५५

बेटा, मी सांगतो. माझं वय एकाहत्तर, निकॉन १९८६ पासून हातात आहे, त्याआधी पेंटॅक्स के१०००.

तुझ्या वडिलांच्या तिन्ही लेन्स एएफ-डी जातीच्या. त्यांच्यात मोटर नाही. बॉडीच्या माउंटमध्ये एक छोटा स्क्रू असतो, पेचकसाच्या टोकासारखा, तो फिरतो आणि लेन्सचा फोकस हलवतो. डी७००० मध्ये तो आहे. लेन्स काढून माउंटच्या कडेला डावीकडे खाली बघ, दिसेल. डी३००० आणि डी५००० मालिकेत तो नव्हता. झेड माउंटच्या एकाही बॉडीत तो नाही, आणि जुन्या निकॉन लेन्स झेडवर बसवणाऱ्या एफटीझेड अॅडॉप्टरमध्येही नाही. म्हणजे झेडवर या लेन्स बसतील, अॅपर्चर बॉडीवरून चालेल, मीटर चालेल, बॉडीतलं स्टॅबिलायझेशनही मिळेल. फोकस तेवढा हाताने.

हाताने फोकस म्हणजे काही वनवास नाही. झेडच्या इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र मोठं करून बघता येतं, फोकसच्या कडा रंगात दाखवता येतात, आणि या डी लेन्सना चिप असल्यामुळे फोकस लागला की पॉइंटची चौकट हिरवी होते. पन्नास आणि पंच्याऐंशीला हे पुरतं. धावत्या मुलाला ८०-२०० ने हाताने फोकस करणं मात्र कठीण.

दुसरा रस्ता सेकंडहँड डी७५० चा. फुल फ्रेम, २४ मेगापिक्सेल, तो स्क्रू आहे, तिन्ही लेन्स ऑटोफोकसवर चालतील आणि तुझ्या दीड लाखातले निम्म्याहून जास्त वाचतील. पण २०१४ चा डिझाइन, बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही, आणि डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यांत, आता पुढे काही यायचं नाही.

कुणी 'विकून टाक' म्हणेल, कुणी 'ठेव' म्हणेल. त्याआधी एक कर. खोली पूर्ण अंधारी कर. लेन्स कॅमेऱ्यावरून काढ, अॅपर्चरची रिंग सगळ्यात उघड्या आकड्यावर आण. मोबाइलचा टॉर्च मागून तिरका धर आणि पुढून बघ. धूळ दिसेल, तिची चिंता नको. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे, फांद्या फुटलेले बारीक तंतू दिसले तर मला लगेच लिही. आपल्याकडे चार महिने हवा ओली असते आणि बंद कपाटातली लेन्स हीच बुरशीची आवडती जागा.

घाटवाट | २० ऑगस्ट, रात्री १०:२०

वाचतो आहे. काकांचा शेवटचा परिच्छेद ज्याच्या-त्याच्या कपाटावर चिकटवून ठेवावा.

माझी बाजू थोडक्यात. मायक्रो फोर थर्ड्स, ऑलिंपस ई-एम५ मार्क थ्री. सेन्सर २२५ चौरस मिमी, फुल फ्रेमच्या साधारण पाव. ताईंच्या झांक्यांसाठी मी याचा आग्रह धरणार नाही. पण बॉडी ४१४ ग्रॅमची, सोबत १२-४५ एफ/४ ही २५४ ग्रॅमची लेन्स, दोन्ही शिंतोडे सोसणाऱ्या. पाताळपाणी ते कालाकुंड या मीटर गेज रेल्वेच्या रुळांच्या बाजूने चालायचं तर पाठीला हेच झेपतं.

प्रचि ६: पाताळपाणीचा धबधबा, जुलै. अर्धा सेकंद, हातात धरून, ट्रायपॉड नाही. पाणी दुधासारखं वाहतंय आणि खडकावरचं शेवाळ कातल्यासारखं रेखीव. हे त्याच्या स्टॅबिलायझेशनचं काम.

माळव्याची_माती | २२ ऑगस्ट, रात्री १०:३६

काका, आज तुम्ही सांगितलं तसं केलं. न्हाणीघरात दिवा मालवून बसले.

५० स्वच्छ. ८५ मध्ये धुळीचे दोन कण. ८०-२०० च्या मागच्या भागात, आतल्या काचेच्या कडेला, नखाएवढं जाळं आहे. पांढरे तंतू, टोकाला फांद्या फुटलेले. आधी वाटलं कापसाचा धागा असेल. फुंकर मारली, पण ते आतल्या बाजूला आहे. या लेन्सला मी चार पावसाळे हात लावला नव्हता, बाबा दर महिन्याला लेन्स उन्हात नेऊन बसायचे. त्यांना हे माहीत होतं आणि मी कधी विचारलंच नाही.

जुना_रोल | २२ ऑगस्ट, रात्री ११:१०

रडू नकोस. कडेला नखाएवढं असेल तर चित्रावर त्याचा परिणाम आज जवळजवळ शून्य. पण ते वाढतं, आणि जास्त दिवस राहिलं तर काचेवरचं कोटिंग खातं, ते पुन्हा येत नाही.

आजच ती लेन्स इतर दोघींपासून वेगळी ठेव. हवाबंद डबा घे, स्वयंपाकघरातला चालेल, तळाशी रंग बदलणारी सिलिका जेल टाक, आणि जमलं तर थोडा जास्त खर्च करून आर्द्रता दाखवणारा छोटा काटाही. ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये काटा राहिला पाहिजे. फार कोरडंही नको, ग्रीस सुकतं. साफ करून घ्यायची तर जो माणूस लेन्स तुझ्यासमोर उघडायला तयार असेल त्याच्याकडेच. मी एकदा दुसऱ्या शहरात पार्सलने पाठवलेली लेन्स परत आली तेव्हा आतली एक काच उलटी बसवलेली होती. चार महिने मला वाटत होतं माझेच डोळे गेले.

उजेडवेडी | २३ ऑगस्ट, सकाळी ८:०२

मलाही ऑनलाइन घेतलेली एक सेकंडहँड लेन्स अशीच आली होती. फोटोत काच आरशासारखी, हातात आली तेव्हा आत जाळं. विकणाऱ्याने फोन उचलला नाही. तेव्हापासून सेकंडहँड म्हणजे समोर बसून, टॉर्च घेऊन, आणि दिवसाउजेडी.

मंडपातला | २३ ऑगस्ट, दुपारी ३:४५

८०-२०० या हिशेबातून बाहेर पडली तर चित्रच बदललं. आता जुन्या लेन्सपैकी ५० आणि ८५ राहिल्या, आणि काका म्हणाले तसं त्या दोन्ही हाताने फोकस करण्याजोग्या आहेत. सोनीचा आग्रह मी मागे घेतो. ताई, तुम्ही निकॉन झेडच घ्या. झेड५ टू बघा: २४.५ मेगापिक्सेल, फुल फ्रेम, बॉडीत स्टॅबिलायझेशन, दोन कार्ड. हवं तर एक नवी छोटी झेड लेन्स ऑटोफोकससाठी घ्या, किंवा सहा महिने थांबा.

पण विकत घेण्याआधी भाड्याने घ्या. दोन दिवसांचं भाडं भरून पाच वर्षांचा पस्तावा वाचतो. झांक्यांच्या रात्रीसाठी आत्ताच नोंदवून ठेवा, त्या आठवड्यात एकही बॉडी शिल्लक राहत नाही. जेल रोडवर ओळखीचं घर आहे, पहिल्या मजल्याची गॅलरी नेमकी झांकीच्या उंचीवर येते. खालून काढलं की नेहमी मूर्तींच्या हनुवट्याच येतात, तिथून डोळ्याला डोळा भिडतो. तुम्ही आणि घरचं कुणी, दोघं या. सगळेच या.

जुना_रोल | २३ ऑगस्ट, रात्री ९:३०

उत्तम. मी येईन, रात्री एकपर्यंत बसेन.

तुम्ही सगळे माउंट, सेन्सर, ग्रॅम मोजताय ते वाचून लाला दीनदयाळांची आठवण झाली. ते १८६६ मध्ये इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढायच्या नोकरीवर आले होते. कॅमेरा त्यांनी इथेच हातात घेतला, १८७४ च्या सुमारास. दुसऱ्या तुकोजीरावांनी पाठबळ दिलं. पुढे १८८५ मध्ये हैदराबादच्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले, पण पहिले धडे याच मातीतले. तेव्हा ओल्या कोलोडियनच्या काचेवर फोटो निघे. काचेला रसायन लावायचं, ओलं असतानाच उजेड दाखवायचा, ओलं असतानाच धुवायचं. म्हणजे अंधाराचा तंबू सोबत न्यायचा, बाटल्या न्यायच्या, पाणी न्यायचं. वाळली की काच वाया. त्यांची सिस्टिम बैलगाडीत मावेल एवढी, आणि त्यात एका उजेडाला एकच काच. म्हणून त्यांच्या इमारतींच्या फोटोंत रेघ न् रेघ सरळ असते. तो माणूस काच लावण्याआधी सगळं बघून मोकळा झालेला असायचा.

माझ्याकडेही एक ठेवा आहे. १९८४ च्या दंगलीत राजवाड्याचा मागचा भाग जळाला, हे तुम्हाला ऐकून ठाऊक असेल. त्याआधीचे दोन रोल माझ्याजवळ आहेत. एक 'ओर्वो' फिल्मचा, एक आपल्या उटीच्या 'इंदू' फिल्मचा. आतल्या चौकातले लाकडी खांब, वरच्या मजल्याच्या तुळया. निगेटिव्ह आहेत, प्रिंट नाहीत. स्टुडिओत दाखवले तर म्हणाले आता हे कुणी करत नाही.

माळव्याची_माती | २४ ऑगस्ट, सकाळी ६:४४

काका, १९८४ च्या आधीचा राजवाडा?? मी दर रविवारी ज्या भिंतीसमोर उभी राहते तिच्या मागे काय होतं ते तुमच्याजवळ आहे? मी हे वाचून रात्रभर नीट झोपले नाही. कुणी सांगा, हे घरी करता येतं का?

घाटवाट | २४ ऑगस्ट, सकाळी १०:१५

येतं. निगेटिव्हचाच कॅमेऱ्याने जवळून फोटो काढायचा, आणि तुमच्याजवळ त्याचं बरंचसं सामान आधीच आहे. मी माझ्या आजोबांचे रोल असेच केले.

डी७००० वर ५० मिमी डी लावा, मध्ये एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स बॉडीपासून लांब नेणारी पोकळ नळी) घाला. निगेटिव्ह ३६ मिमी रुंद, तुमचा सेन्सर साडेतेवीस, म्हणजे साधारण ०.६५ पट चित्र हवं. ५० मिमीला त्यासाठी तेहतीस-चौतीस मिमीची ट्यूब लागते. स्वस्त, टोकं नसलेली ट्यूब चालेल, कारण डी लेन्सला अॅपर्चरची रिंग आहे. नव्या जी लेन्सला ती नसते, तिथे स्वस्त ट्यूब कामाची नाही. एफ/८, आयएसओ १००, दहा सेकंदांचा टायमर. खाली दुधी अॅक्रिलिक आणि त्याखाली पांढरा एलईडी. अॅक्रिलिक आणि निगेटिव्हमध्ये दोन-तीन बोटं अंतर ठेवा, नाहीतर अॅक्रिलिकवरची धूळही फोकसमध्ये येते. निगेटिव्हची खरबरीत, मॅट बाजू लेन्सकडे. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, घरी काळ्याचं पांढरं आणि डाव्याचं उजवं करून घ्या. डी७००० चे सोळा मेगापिक्सेल त्या फिल्मला भरपूर झाले.

त्यामुळे नवी बॉडी घेतलीत तरी डी७००० विकू नका, त्याला नोकरी मिळाली आहे.

सिरपूर_पहाटे | २४ ऑगस्ट, रात्री ८:००

हातमोजे घालून निगेटिव्ह धरा. कडेने.

माळव्याची_माती | ८ सप्टेंबर, रात्री ८:२७

उशीर झाला, झोप भरून काढत होते. झांक्या उजाडेपर्यंत चालल्या, मी साडेचारला घरी आले. झेड५ टू आणि एफटीझेड भाड्याने घेतला होता, सोबत बाबांच्या ५० आणि ८५.

प्रचि ७: जेल रोड, गॅलरीतून. ८५ मिमी, एफ/२.२, १/१००, आयएसओ २५००. समुद्रमंथन. पट्टे नाहीत! झांकी ट्रॅक्टरमागे चालत असताना १/१०० ला ती हलते, म्हणून ट्रॅक्टर थांबायची वाट बघायची आणि थांबला की हिरव्या चौकटीची. तीन तासांत मला ट्रॅक्टरच्या आवाजावरून कळायला लागलं की आता थांबणार. निळ्या एलईडीने सुरुवातीचे सगळे फोटो जळाले होते. वासुकीच्या अंगावर नुसता निळा डाग, खवलं एक नाही. मंडपातला दादांनी तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) लावून दिला, निळा उजव्या भिंतीला चिकटलेला दिसला, मग एक स्टॉप खाली उतरले. प्रचिमध्ये खवलं मोजता येतात.

प्रचि ८: आखाड्याचा मुलगा बनेठी (टोकांना पेटवलेली काठी) फिरवताना. ५० मिमी, एफ/५.६, १/८, आयएसओ ८००, हातात धरून. आगीचं पूर्ण वर्तुळ आलं आणि त्याचा खालचा अर्धा चेहरा त्या उजेडात. तो क्षणभर थबकला होता म्हणून स्थिर आला. असे चाळीस काढले, हा एक.

प्रचि ९: एका मिलच्या झांकीमागे चालणारे सात-आठ म्हातारे. ८५ मिमी, एफ/२, १/१००, आयएसओ ५०००. मिल १९९१ मध्ये बंद पडली, पण हे कामगार दरवर्षी झांकीबरोबर चालतात. मधल्या आजोबांनी कुणातरी लहानाचा हात धरलाय. फोकस त्यांच्या डोळ्यावर हवा होता, तो चष्म्याच्या काडीवर आहे. तरीही मला हाच सगळ्यांत आवडला.

५० आणि ८५ फुल फ्रेमवर लावल्यावर समजलं की बाबा इतकी वर्षं काय बघत होते. डी७००० वर ८५ म्हणजे जवळजवळ १२८ चा कोन, मी सतत भिंतीला पाठ लावून उभी राहायचे. आता बाबांच्या जुन्या अल्बममधल्या फोटोंतलं अंतर आणि माझं अंतर एकच येतं.

बॉडी घेते आहे, झेड५ टू. नवी लेन्स सध्या नाही. ८०-२०० साफ करायला परवा देते, माणूस समोर उघडणार आहे.

मंडपातला | ८ सप्टेंबर, रात्री ९:१५

प्रचि ९ ला काडीवरचा फोकस विसरा. तो हात बघा.

सिरपूर_पहाटे | ८ सप्टेंबर, रात्री ९:५०

वासुकीची खवलं मोजली. अभिनंदन ताई. थंडीत चक्रवाक आले की सिरपूरला या, माझी ४०० तुम्हाला देतो. तुमच्या बॉडीवर बसणार नाही, माझ्या बॉडीसकट देतो.

जुना_रोल | ९ सप्टेंबर, सकाळी ६:०५

बेटा, प्रचि ९ मधले डावीकडून तिसरे माझ्या गल्लीतले. त्यांना मोबाइलवर दाखवला, बराच वेळ हातात धरून बसले. एक प्रिंट हवी आहे, पैसे मी देईन, नाही म्हणायचं नाही.

दोन्ही रोल काढून ठेवलेत. एकात छत्तीस, दुसऱ्यात चौतीस फ्रेम आहेत, शेवटच्या दोन प्रकाश लागून गेल्या. रविवारी सकाळी ये, दहा वाजता, डी७००० आणि ट्यूब घेऊन. अॅक्रिलिक मी कापून आणलंय. पोहे घरीच होतील.

माळव्याची_माती | ९ सप्टेंबर, सकाळी ६:३१

येते काका. ८ बाय १२ ची प्रिंट घेऊनच येते. ट्यूब काल आली, छत्तीस मिमीची मिळाली. घाटवाट, दोन मिमी जास्त झाले तर कडा कापल्या जातील का?

घाटवाट | ९ सप्टेंबर, सकाळी ७:१२

जरा मोठं चित्र येईल, म्हणजे कडेचं थोडं सुटेल. लेन्सचा फोकस आधी अनंतावर ठेवा, त्याने सगळ्यात कमी मोठं होतं. तरीही कडा हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमचे डावा-उजवा असे दोन फोटो घ्या आणि जोडा. राजवाड्याच्या खांबांसाठी मी तरी दोनच घेईन.